सूडाची भयकादंबरी आणि तिचा वाचक : वाचकीय अभिप्रायांच्या स्वरूपाचा विचार

बीजशब्द : भयकादंबरी, सूडकथा, रौद्र, करुण, भयानक, अपेक्षाक्षितिज, वाचकीय अभिप्राय

प्रस्तावना

तालुक्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक ग्रंथालयात कोणते पुस्तक खरोखर वाचले जाते, हे जाणून घेण्यासाठी देवघेवीची नोंदवही उघडण्याची फारशी गरज नसते. पुस्तकाची बांधणीच ते सांगते. पुरस्कारप्राप्त कादंबऱ्यांचे पुठ्ठे ताठ असतात आणि नारायण धारपांच्या कादंबऱ्यांची पाने दोऱ्याने पुन्हा शिवलेली असतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्यानंतर गावोगावी अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये उभी राहिली आणि त्यांनी जो वाचक घडविला, त्यात भयकथेचा वाचक संख्येने मोठा आहे. असे असूनही महाविद्यालयीन मराठीच्या अभ्यासात या वाचकाला जवळजवळ स्थान नाही. त्याचे मत कोणी विचारत नाही, आणि विचारले तर ‘करमणूक’ या एका शब्दात ते निकालात काढले जाते.

प्रस्तुत लेखात भयकादंबरीच्या एका विशिष्ट प्रकाराचा विचार केला आहे. ज्या कादंबरीत अन्याय सोसलेली व्यक्ती अतिमानवी सामर्थ्याच्या बळावर सूड घेते, ती कादंबरी वाचून झाल्यावर वाचक परस्परविरोधी मते व्यक्त करतात. एकाला ती भीषण वाटते, दुसऱ्याला ती न्याय्य वाटते, तिसऱ्याला ती वाचून रडू येते. हे तिघेही एकच पुस्तक वाचत असतात. मतांतील ही फूट वाचकांच्या अपरिपक्वतेतून येते की कादंबरीच्या घडणीतून, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी स्टीफन किंग यांची ‘कॅरी’ ही कादंबरी उदाहरण म्हणून घेतली आहे. परंतु विवेचनाचा प्रारंभ मोर्शी परिसरातूनच करणे अधिक उचित ठरेल.

नळाच्या शरीरातील कली

मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला ‘नळ-दमयंती सागर’ असे नाव दिलेले आहे. दमयंती ही विदर्भाची राजकन्या, म्हणून हे नाव आपल्याला आपले वाटते. नळ-दमयंतीची कथा म्हटली की सामान्यतः हंस, स्वयंवर आणि प्रेम एवढेच डोळ्यांपुढे येते. रघुनाथ पंडितांच्या आख्यानकाव्यामुळे मराठी वाचकाच्या मनात स्वयंवराचाच भाग अधिक ठसलेला आहे. महाभारताच्या वनपर्वातील मूळ उपाख्यान मात्र पुढे वेगळ्याच प्रदेशात जाते आणि तो प्रदेश भयकथेचा आहे.

कली स्वयंवराला निघतो, पण त्याला उशीर होतो. दमयंतीने देवांना डावलून एका मर्त्य राजाला वरले, हे वाटेतच कळल्यावर तो संतापतो आणि सूड घेण्याचे ठरवितो. तो बारा वर्षे वाट पाहतो. एके दिवशी नळ पाय न धुता संध्येला बसतो आणि तेवढ्या फटीतून कली त्याच्या शरीरात शिरतो. द्वापर फाशांत शिरतो. नळ राज्य हरतो आणि झोपेत असलेल्या पत्नीचे अर्धे वस्त्र फाडून घेऊन तिला अरण्यात सोडून जातो. बाधा झालेला माणूस आपल्याच प्रियजनांवर उलटतो, हे आधुनिक भयकादंबरीचे आवडते सूत्र येथे पूर्ण रूपात आहे. पुढे कर्कोटक नाग नळाला दंश करतो आणि त्या विषाने नळाला नव्हे, तर त्याच्या आत बसलेल्या कलीला यातना होतात. अखेर ऋतुपर्णाकडून अक्षविद्या मिळताच कली विष ओकत बाहेर पडतो. नळ शाप देण्यास सरसावतो, कली गयावया करतो, नळ त्याला सोडतो आणि कली बेहड्याच्या झाडात लपतो.

या कथेत सूड घेणारा दुष्ट आहे आणि त्याचे कारण क्षुल्लक आहे. त्यामुळे वाचकाची सहानुभूती कोठे जावी याविषयी संदिग्धता उरत नाही. उद्योगपर्वातील अंबेची कथा याच्या नेमकी उलट आहे. भीष्माने हरण करून आणलेली, शाल्वाने नाकारलेली आणि पुन्हा भीष्माकडूनही न स्वीकारलेली ही स्त्री तपश्चर्या करते, शिवाकडून वर मिळविते, स्वतःची चिता पेटविते आणि द्रुपदाच्या घरी पुनर्जन्म घेऊन शिखंडी होते. दहाव्या दिवशी भीष्म पडतो तेव्हा तिच्या सूडाची पूर्तता होते. भीष्माविषयी आदर बाळगणाऱ्या श्रोत्यालाही अंबा चुकली असे सहसा म्हणवत नाही. परंतु महाभारत तेथे थांबत नाही. सौप्तिकपर्वात पित्याच्या वधाचा सूड घेण्यासाठी अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरात शिरतो आणि झोपलेल्यांची कत्तल करतो; त्यात शिखंडीही मारला जातो. एक सूड दुसऱ्या सूडाखाली गाडला जातो. एवढा सूड भरलेल्या ग्रंथाचा अंगी रस आनंदवर्धनाने ‘शांत’ मानला. वाचकाचे अंतिम मत कथेतील घटनांच्या रंगावर ठरत नाही, याची जाण त्यामागे दिसते.

मोर्शी तालुक्यातीलच रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या अवताराची कथा सर्वांना ज्ञात आहे. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव मृत होतो, त्याला स्मशानात नेले जाते आणि द्वारावतीस देहत्याग केलेले चांगदेव राऊळ त्या देहात प्रवेश करतात. मृत हरिपाळदेव उठून बसतो. आता हाच प्रसंग संदर्भ काढून घेऊन एखाद्या भयकथावाचकापुढे ठेवला, तर तो पुढील पानावर अनर्थाची वाट पाहील. महानुभाव वाचकासाठी मात्र तो परमेश्वरी कृपेचा क्षण आहे. जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कॉन्स्टान्स विद्यापीठातील आपल्या व्याख्यानात ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना मांडली. वाचक कृतीकडे रिकाम्या मनाने येत नाही, पूर्वी वाचलेल्या कृतींनी घडविलेल्या अपेक्षा घेऊन येतो, असे तिचे मर्म आहे. ही संकल्पना वर्गात समजावून देताना परदेशी उदाहरणे शोधत बसण्यापेक्षा रिद्धपूरचे उदाहरण द्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भय हे प्रेत उठण्यात नसून, ते का उठले याविषयीच्या अपेक्षेत असते.

‘कॅरी’ : वाचक कोणाच्या बाजूने?

‘कॅरी’ ही किंग यांची प्रकाशित झालेली पहिली कादंबरी. ती १९७४ साली आली. लेखकाने तिची सुरुवातीची पाने टाकून दिली होती आणि ती पत्नीने कचऱ्यातून काढून वाचली व पुढे लिहिण्याचा आग्रह धरला, हे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. १९७६ साली ब्रायन डी पाल्मा यांनी तिच्यावर चित्रपट केला. तिचा वाचक जगभर पसरला. अमेरिकेतील शालेय ग्रंथालयांत तिच्यावर आक्षेपही घेतले गेले.

कथानक थोडक्यात असे. मेन राज्यातील चेंबरलेन या गावात कॅरी व्हाइट ही शाळकरी मुलगी राहते. तिची आई धर्मवेडी आहे. शरीर म्हणजे पाप असे मानणाऱ्या या आईने मुलीला ऋतुप्राप्तीविषयी काहीही सांगितलेले नाही. शाळेच्या स्नानगृहात तिला प्रथम रक्तस्राव होतो, आपण मरत आहोत असे वाटून ती ओरडते आणि वर्गातील मुली तिची टर उडवतात. त्याच सुमारास मनःशक्तीने वस्तू हलविण्याचे सामर्थ्य तिच्यात जागे होते. शाळेच्या समारंभात तिला सन्मानाने व्यासपीठावर बोलावले जाते आणि वरून डुकराचे रक्त ओतले जाते. त्यानंतर ती सभागृह आणि गाव पेटविते. मरणाऱ्यांत तिला छळणारे असतात आणि तिला कधी न पाहिलेलेही असतात.

वाचकांच्या मतांच्या दृष्टीने या कादंबरीची घडण विशेष महत्त्वाची आहे. सरळ निवेदनाच्या मध्ये मध्ये चौकशी आयोगापुढील साक्षी, वृत्तपत्रांतील कात्रणे, पत्रे, संशोधनपर पुस्तकातील उतारे असे काल्पनिक दस्तऐवज येतात. गाव नष्ट झाले आहे हे वाचकाला प्रारंभापासून ठाऊक असते. ‘पुढे काय होईल’ ही उत्सुकता अशा रीतीने काढून घेतल्यावर ‘हे का झाले’ एवढाच प्रश्न उरतो आणि वाचकाला नकळत न्यायासनावर बसविले जाते. आयोगाचा अहवाल त्याला समाधान देत नाही, कारण आयोगाला स्नानगृहातील मुलगी आतून दिसत नाही. वाचकाला ती दिसते. भयकादंबरी वाचून वाचक ‘घाबरलो’ म्हणण्याऐवजी ‘तिचे काय चुकले?’ असे विचारतो, त्याचे मूळ या योजनेत आहे.

एकदा वर्गात या कादंबरीचे कथानक सांगत असताना स्नानगृहाच्या प्रसंगाशी काही मुलगे हसले आणि मुली गप्प झाल्या. तासानंतर एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न भुताखेताचा नव्हता. तिच्या आईने तिला आधी का सांगितले नाही, एवढाच होता. ज्या घरांत आजही महिन्याचे चार दिवस मुलीला बाजूला बसविले जाते, त्या घरातील वाचकाला या प्रसंगात अद्भुत असे काहीच दिसत नाही. तिच्या दृष्टीने कादंबरीतील सर्वांत वास्तव भाग तोच आहे. किंग यांनीही ‘दान्स माकाब्र’ (१९८१) या भयसाहित्यावरील आपल्या ग्रंथात ‘कॅरी’चा संबंध स्त्रीला गवसणाऱ्या सामर्थ्याशी आणि त्या सामर्थ्याला पुरुष का भितात याच्याशी जोडला आहे. हसणारे मुलगे आणि गप्प झालेल्या मुली यांच्या प्रतिक्रियांत याउस यांच्या दोन क्षितिजांचे अंतर होते. ते अंतर एकाच बाकाच्या दोन टोकांना होते.

दोन रसांच्या दोन वाटा

या प्रतिक्रियांचा उलगडा भारतीय काव्यशास्त्राच्या आधारे अधिक चांगला होतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात चार मूळ रस मानले आणि त्यांच्यापासून अन्य चार रसांची उत्पत्ती सांगितली. शृंगारापासून हास्य, वीरापासून अद्भुत, रौद्रापासून करुण आणि बीभत्सापासून भयानक. यांतील शेवटच्या दोन जोड्या येथे लक्षात घ्याव्यात. सामान्य भयकथा बीभत्साकडून भयानकाकडे जाते. कुजलेला देह, रक्त, दुर्गंधी यांतून जुगुप्सा आणि जुगुप्सेतून भय. सूडकथा रौद्राकडून करुणाकडे जाते, कारण क्रोधाने केलेल्या कृत्याचे फळ म्हणजे कोणाचा तरी विलाप. सूडाच्या भयकादंबरीत या दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात. डुकराच्या रक्ताची किळस पहिल्या वाटेवरची, आणि ते रक्त जिच्या अंगावर पडले तिच्याविषयीची कणव दुसऱ्या वाटेवरची.

यावरून वाचकांच्या मतांतील फुटीचे कारण स्पष्ट होते. जो वाचक पहिल्या वाटेने चालला त्याला कॅरी ही भयाचा विषय वाटते आणि दुसऱ्या वाटेने गेलेल्याला ती भयाची बळी वाटते. मते भिन्न आहेत म्हणून एकाने पुस्तक चुकीचे वाचले, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट, ज्या सूडकादंबरीविषयी सर्व वाचक एकमताने बोलतात, तिच्यात यांपैकी एक वाट लेखकाने बुजविलेली असण्याची शक्यता अधिक.

भरताने भयानक रसाचा आश्रय सांगताना स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा निर्देश केला आहे, हेही जाता जाता नोंदवावे. भय वाटणे हे उत्तम प्रकृतीचे लक्षण नव्हे, ही समजूत इतकी जुनी आहे. अभ्यासमंडळाच्या बैठकीत भयकादंबरीचे नाव निघताच जे स्मित उमटते, त्याची वंशावळ बरीच मागे नेता येईल.

अभिनवगुप्तांच्या विवेचनाचा एक भाग येथे विशेष उपयोगी आहे. भयानकाचे उदाहरण देताना त्यांनी शाकुंतलातील दुष्यंताच्या बाणाला भिऊन मान वळवून पाहत पळणाऱ्या हरणाचा श्लोक घेतला. ते हरिण कोणते, कोठले, केव्हाचे हे सहृदयाच्या मनात राहत नाही. शिकारी खरा नसतो, आणि स्थल-कालाने न बांधलेले केवळ भय आस्वादले जाते. रसप्रतीतीच्या विघ्नांमध्ये त्यांनी दोन महत्त्वाची विघ्ने सांगितली : घटना संभाव्यच न वाटणे, आणि भावना स्वतःच्या किंवा विशिष्ट दुसऱ्याच्या आयुष्याशी जखडली जाणे. पहिले विघ्न असलेला वाचक ‘असे कुठे असते का’ म्हणून पुस्तक मिटतो. दुसरे विघ्न असलेला, म्हणजे घरामागच्या पिंपळावर मुंजा आहे अशी खरीच धास्ती बाळगणारा माणूस, मुंजाची कथा चवीने वाचू शकत नाही. त्याची भीती ‘रस’ होत नाही, ती भीतीच राहते. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताच्या साहित्याची व्याख्या करताना वाचकाच्या दोलायमान अवस्थेवर, म्हणजे घटनेचे कारण नैसर्गिक की अतिनैसर्गिक या निर्णयाआधीच्या थबकण्यावर भर दिला. पूर्ण श्रद्धा आणि पूर्ण अश्रद्धा या दोन्ही टोकांना ही अवस्था संपते.

धारपांचा मराठी वाचक

मराठीत या वाचकाची जोपासना प्रामुख्याने नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी केली. मतकरींनी ‘गूढकथा’ हे नाव रूढ केले आणि भयाचे स्थान माणसाच्या मनात ठेवले. त्यांची कथा वाचणारा वाचक शेवटच्या कलाटणीविषयी बोलतो. धारपांचा वाचक वातावरणाविषयी बोलतो. जुना वाडा, बंद खोली, दिवेलागणीची वेळ यांच्या तपशिलांतून परिचित मराठी घर अनोळखी होत जाते. फ्रॉइडने १९१९ च्या आपल्या निबंधात परिचिताच्या अशा परके होण्याचा विचार केला आहे.

धारपांच्या काही कादंबऱ्या परकीय कृतींवर आधारलेल्या आहेत. ‘लुचाई’ ही किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’ वरून बेतलेली आहे. मूळ कृती ओळखता आली की सुशिक्षित वाचकाचे मत एकदम बदलते, हा अनुभव नवा नाही. काल ज्या पुस्तकाने झोप उडविली, ते आज ‘उचललेले’ ठरते. हा निकाल घाईचा आहे. रूपांतराचा निर्देश पुस्तकावर असावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण भय एका संस्कृतीतून दुसरीत नेणे हे विनोद नेण्याइतकेच अवघड काम आहे. ख्रिस्ती क्रूसाला भिणारा पिशाच मराठी गावात आणला, तर त्याने कशाला भ्यावे हे नव्याने ठरवावे लागते आणि येथेच धारपांचे स्वतःचे योगदान दिसते. त्यांच्या अनेक कथांत ‘समर्थ’ हे पात्र येते. संकटात सापडलेल्यांना ज्ञानाच्या व साधनेच्या बळावर सोडविणारा हा पुरुष वाचकाला आश्वस्त करतो. अभद्र शक्ती बाहेरून येते, सज्जनांवर चाल करते आणि तिचा प्रतिकार करता येतो, अशी ही व्यवस्था आहे.

नेमक्या याच कारणाने धारपांची भयकथा आणि सूडाची भयकादंबरी यांत भेद करावा लागतो. सूडकथेत अभद्र शक्ती बाहेरून येत नाही. ती गावानेच केलेल्या कृत्यातून उपजते आणि समर्थ आला तरी तो कोणाच्या बाजूने उभा राहील, हा पेच पडतो. समर्थाची सवय असलेला वाचक ‘कॅरी’ वाचून अस्वस्थ होतो, कारण तेथे सोडविणारा कोणी नाही. ‘शेवट अपुरा वाटला’ असा अभिप्राय अशा वाचकाकडून येतो. त्याला अपुरी वाटते ती कथा नसून आश्वस्तता.

लोकपरंपरेतील भुतांचाही येथे विचार करावा लागेल. मुंजा हा लग्नापूर्वी मेलेला मुलगा. हडळ ही गरोदरपणी वा बाळंतपणात मेलेली स्त्री. समंध हा ठेव्यात किंवा वंशात वासना अडकलेला. यांतील हडळीकडे नीट पाहिले तर काय दिसते? उपचाराविना, दुर्लक्षाने मेलेल्या बाईला समाजाने मरणानंतर भयाचा विषय केले. तिच्यावर झालेला अन्याय लोककथेत बहुधा बोलला जात नाही, तिचे उलटे पाय मात्र सांगितले जातात. आधुनिक सूडकादंबरी या हडळीला तिचे पूर्वायुष्य परत देते. ती कोण होती, कोणी छळले, कोण गप्प बसले, हे सांगते. वाचकाची भूमिका त्यामुळे देवऋषीकडून साक्षीदाराकडे सरकते.

धारपांच्या ‘आजी’ या कथेच्या प्रेरणेचा उल्लेख २०१८ च्या ‘तुंबाड’ या चित्रपटाच्या संदर्भात झाला आणि त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारे आहे. प्रथम प्रदर्शनाच्या वेळी साधारण प्रतिसाद मिळालेल्या या चित्रपटाने २०२४ मधील पुनःप्रदर्शनात मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. कृती तीच राहिली आणि सहा वर्षांत प्रेक्षकाचे क्षितिज बदलले.

अंधश्रद्धेचा आक्षेप

भयकादंबरीवरील सर्वांत गंभीर आक्षेप वऱ्हाडात घेतला जातो आणि त्याला येथील इतिहासाचे वजन आहे. शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर कीर्तनांतून नवस, पशुबळी यांवर प्रहार केले. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेतून गावाला विवेक शिकविला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखाद्या व्यक्तीवर करणी-चेटकाचा आळ घेऊन तिचे जगणे असह्य करणे अशी कृत्ये त्याने गुन्हा ठरविली. अशा प्रदेशात भुताच्या कादंबऱ्या वाचाव्यात काय, असा प्रश्न एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारला तर तो हसण्यावारी नेता येणार नाही.

कायदा कृत्याला शिक्षा देतो, कल्पनेला नाही, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. अभिनवगुप्तांच्या विवेचनावरून असे म्हणता येईल की भयाचा आस्वाद आणि भुतावरील श्रद्धा या एकमेकींना पोषक नसून बऱ्याच अंशी मारक आहेत. तरीही एक भेद करणे आवश्यक वाटते. कादंबरी अभद्राला कोणाचा देह देते? एकटी राहणारी म्हातारी, मूल नसलेली बाई, गावाबाहेरच्या वस्तीतील माणूस यांनाच जर ती वारंवार चेटकाचे रूप देत असेल, तर तिने गावातील आयत्या संशयाला चेहरा पुरविला. तेथे आक्षेप मान्य करावा लागेल. सूडाची कादंबरी मात्र बहुधा याच्या विरुद्ध दिशेने जाते. ज्यांच्यावर आळ येतो त्यांच्या बाजूने ती गावाकडे पाहते. या दोन प्रकारांना एकाच पारड्यात टाकून बंदी घालणे किंवा एकाच पारड्यात टाकून त्यांचे समर्थन करणे, दोन्ही अभ्यासकाला शोभणारे नाही.

सूडाच्या आस्वादाचा धोका अंधश्रद्धेत नसून अन्यत्र आहे. किंग यांनी रिचर्ड बाकमन या टोपणनावाने १९७७ साली ‘रेज’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीत भूत नाही; शस्त्र घेऊन वर्ग ओलीस धरणारा विद्यार्थी आहे. डिसेंबर १९९७ मध्ये केंटकी राज्यातील एका शाळेत चौदा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला आणि तीन विद्यार्थिनी मृत्युमुखी पडल्या. त्याच्याजवळ या कादंबरीची प्रत होती. त्यानंतर किंग यांनी स्वतःहून तिचे प्रकाशन थांबविले. पुस्तकाने खुनी घडविला असे त्यांनी मानले नाही. आधीच धुमसणाऱ्या मनाला ते चेतवू शकते, एवढे त्यांनी २०१३ सालच्या आपल्या लेखात मान्य केले. ‘कॅरी’ मात्र छापली जात राहिली. दोन्हींत शाळा आहे, छळ आहे, सूड आहे. फरक पडला तो अतिमानवी घटकामुळे असे म्हणता येईल. मनःशक्तीने गाव जाळणे वाचकाला करता येत नाही. म्हणून तिचा क्रोध अभिनवगुप्तांच्या अर्थाने साधारण होतो, कोणाचाही आणि कोणाचाच नाही असा होतो. ‘रेज’मधील शस्त्र बाजारात मिळते. सूडकथेत भुताचे असणे हे वाचकाला वास्तवापासून दूर ठेवणारे अंतर आहे, आणि त्या अंतराची उपयुक्तता वाङ्मयीन मूल्यापुरतीच मर्यादित नाही.

अभिप्राय कसे नोंदवावेत

जॅनिस रॅडवे यांचा ‘रीडिंग द रोमान्स’ हा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. प्रणयकादंबऱ्यांना समीक्षकांनी टाकाऊ ठरविलेले असताना रॅडवे एका पुस्तकदुकानाभोवती जमलेल्या स्त्रीवाचकांकडे गेल्या, प्रश्नावल्या भरून घेतल्या, तासन्‌तास बोलल्या. या स्त्रियांना चांगले आणि वाईट पुस्तक यांतील फरक काटेकोरपणे करता येतो, असे त्यांना आढळले. निकष मात्र समीक्षकांचे नव्हते. पुस्तक हाती घेणे म्हणजे घरकामातून स्वतःसाठी वेळ काढणे, हा वाचनाचा अर्थही त्यांना तेथेच उमगला. भयकादंबरीच्या वाचकाबाबत अशी पद्धत आपल्या महाविद्यालयांतून अवलंबिता येण्यासारखी आहे, आणि तीस फार मोठे अनुदान लागत नाही.

प्रश्नांची निवड मात्र विचारपूर्वक व्हावी. ‘ही कादंबरी आवडली का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘या कादंबरीने अंधश्रद्धा पसरते का?’ असे प्राध्यापकाने विचारले तर विद्यार्थी प्राध्यापकाला हवे तेच उत्तर देतो. त्यापेक्षा पुस्तक कोणत्या पानावर खाली ठेवावेसे वाटले, कोणत्या पात्राने मरू नये असे वाटत होते, रात्री कोणता प्रसंग आठवला, पुस्तक घरात कोणापासून लपवून वाचले, असे साधे प्रश्न अधिक सांगून जातील. उत्तरे प्रमाण भाषेत लिहून घेण्याचा आग्रह धरू नये. वऱ्हाडीत सांगितलेले भय प्रमाण मराठीत उतरविताना सौम्य होते. मुलगे आणि मुली यांची उत्तरे वेगळी ठेवावीत, कारण वर सांगितल्याप्रमाणे सहानुभूतीची फूट पुष्कळदा तेथूनच पडते. जो वाचक कादंबरी अर्धवट सोडतो त्याचेही मत घ्यावे. आपल्याकडे पुस्तक पूर्ण केलेल्याचाच अभिप्राय धरण्याची पद्धत आहे, आणि भयाच्या बाबतीत सोडून देणे हा सर्वांत प्रामाणिक अभिप्राय असू शकतो.

प्रारंभ ग्रंथालयापासून करता येईल. देवघेवीच्या नोंदवहीत पुस्तक नेल्याची आणि परत केल्याची तारीख असते. त्यात अभिप्रायासाठी एक रकाना वाढवून ग्रंथपालाने परत करणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : पुस्तक मिटल्यावर भीती कोणाची वाटली, सूड घेणाऱ्याची की ज्यांच्यावर सूड घेतला त्यांची?